मागालीसाठी बूट

एल आल्तो, ३ मार्च २००८

कोम्पाद्रे एलिओदोरो,

फोनवर तू "बोला, कोमाद्रे" म्हणतोस आणि त्यानंतर तारेतून नुसता वारा ऐकू येतो. मागच्या महिन्यात तीनदा केला. तिसऱ्यांदा बूथवालीच म्हणाली, "बाई, पैसे मोजून कुणाचा श्वास ऐकता?" म्हणून हे पत्र. तुपिसाच्या बसचा ड्रायव्हर माझं गिऱ्हाईक आहे, तो तुझ्या हातात देईल. अक्षर माझंच आहे, हसू नकोस.

माझ्या ग्रोवेरच्या वर्षाच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, तू आला नाहीस. मी वाट पाहिली. त्याची शाळा संपली तेव्हा त्याचा पाद्रिनो, धर्मबाप म्हणून स्टेजवर तूच उभा होतास, तेव्हापासून आपण कोम्पाद्रे-कोमाद्रे झालो, त्याला कंपनीत गाईड म्हणून तूच लावलंस, आणि तो गेला त्या दिवशीही शेवटचा तूच त्याच्यासोबत होतास. म्हणून वाटलं होतं येशील. असो. तुझंही काळीज असेल ना.

आता कामाचं. मागालीने मला न विचारता नोकरी धरली. कसली, विचार! तीच! परदेशी पाहुण्यांना सायकलवरून कुंब्रेच्या घाटमाथ्यावरून खाली योलोसापर्यंत न्यायची, त्याच जुन्या रस्त्याने. कंपनी दुसरी, रस्ता तोच. मी ओरडले, तिच्या अंगावर चप्पल फेकली, दोन दिवस जेवले नाही. ती म्हणते, "आई, मी वीस वर्षांची आहे. मला तो रस्ता बघायचाय." माझ्या नवऱ्याचं, इलारियोनचं तुला माहीत आहेच. सव्वीस वर्षं त्या रस्त्याने ट्रक चालवला, एक चाक कधी कडेबाहेर गेलं नाही, आणि पोरगा मात्र सायकलवरून गेला. त्याचं त्याला दुःख आहे की लाज, मला अजून कळलेलं नाही.

ती जाणारच असेल, तर निदान पायात धड काहीतरी घालून जाऊ दे. बावीस वर्षं मी जत्रेच्या बाजारात जुने बूट विकते. कुणाच्याही पायाकडे बघून माप सांगते. पण पेडलला खटकन अडकणारे हे बूट मला कळत नाहीत. माझ्या गठ्ठ्यांत तीन जोड निघालेत. एक पांढरा, पातळ, तळवा फळीसारखा, वाकवला तरी वाकत नाही. दुसरा मऊ, कापडी, घातला की पाय पावात खुपसल्यासारखं वाटतं. तिसरा काळा, जड, पुढून पातेल्याच्या बुडासारखा टणक, घोट्याला आतून गादी. मागालीला पांढरा हवाय, कारण त्यावर लाल पट्टा आहे. तू काय म्हणतोस? नीट लिही. मी कुणाकडून तरी वाचून घेईन असं समजू नकोस, मीच वाचेन.

तुझी कोमाद्रे,
सातुर्निना


तुपिसा, १६ मार्च २००८

कोमाद्रे सातुर्निना,

तुमचं पत्र मिळालं. मिस्सेचं काय सांगू? निघालो होतो. ओरुरोपर्यंत आलो आणि तिथून परत फिरलो. माफ करा.

मी इथे विटांच्या भट्टीवर आहे. दीड वर्ष होत आलं, सायकलला हात लावलेला नाही. पण विचारलंत म्हणून सांगतो.

पांढरा नको. तो शर्यतवाल्यांचा. सपाट रस्त्यावर जोर मारायला बरा, पण आपल्या रस्त्यावर दर तासाला उतरून चालावं लागतं, आणि तो तळवा ओल्या दगडावर साबणासारखा सरकतो. वरून पातळ, एखादा दगड उडून आला की बोटं गेलीच. कापडीही नको. दुकानात सगळ्यांना तोच आवडतो. पण चार तास पेडलवर उभं राहिलं की मऊ तळवा मधोमध वाकतो आणि पायाच्या तळव्याला आग लागते. माझी दोन नखं तसल्याच बुटांत गेली.

काळा घ्या. वजनाचं मनावर घेऊ नका, रस्ता उताराचा आहे. बूट पुढून टणक हवाच. घोट्याला आतल्या बाजूने गादी हवी, कारण पेडलचा दांडा त्याच हाडावर आपटतो. मधे ताठ आणि टाचेला-चवड्याला रबर असेल तर पेडलवरही बरा आणि चालायलाही. नाडी असेल तर टोकं आत खोचायला जागा आहे का बघा, नाहीतर साखळीत जाते. पट्टा असेल तर उत्तमच.

माप संध्याकाळी बघा, दिवसभर उभी राहिल्यावर. वर घाटमाथ्यावर गारा पडत असतात आणि खाली योलोसात अंगाची लाही होते, त्यात पाय फुगतो. लोकरी मोजा घालून बघायला सांगा. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे, पण टाच अजिबात उचलली जाता कामा नये. करंगळीला शिवण टोचत असेल, तर "सवय होईल" असं तिला म्हणू देऊ नका. होत नाही सवय.

आता नीट ऐका. बुटाच्या तळव्याला लोखंडी पट्टी असते, तीच पेडलमध्ये अडकते. टाच बाहेर वळवली की सुटते. ती पट्टी दोन स्क्रूंवर बसते. दोन. त्यातला एक निघाला की दुसरा असून काही उपयोग नाही, कारण मग पाय वळवला की पट्टीही जागच्या जागी पायासोबत फिरते आणि पेडल पाय सोडतच नाही. माणूस ओढत राहतो. म्हणून दोन्ही स्क्रूंना न सुटणारा गोंद लावून घ्या. रोज सकाळी, सायकलवर बसायच्या आधी, दोन्ही बूट उलटे करून तिने स्वतः बघायचे. स्वतः. मुख्य गाईड "बघितलंय" म्हणाला तरी विश्वास ठेवायचा नाही. एक जरी सैल असेल तरी निघायचं नाही, पाहुणे खोळंबले तर खोळंबू देत, मालक ओरडला तर ओरडू दे. तिला हे माझ्या नावाने सांगा. नको, तुमच्याच नावाने सांगा.

नव्या पेडलची स्प्रिंग अगदी सैल ठेवायला सांगा. पहिला आठवडा अंगणात भिंतीला धरून शंभर वेळा अडकवायचं, शंभर वेळा सोडवायचं.

इलारियोनना नमस्कार.

एलिओदोरो


एल आल्तो, २ एप्रिल २००८

कोम्पाद्रे,

काळा घेतला. मागाली म्हणाली, "आई, हे काय खाणकामगाराचे बूट आहेत?" मी म्हटलं, "खाणकामगारालाही दहा बोटं लागतात." संध्याकाळी दुकान आवरताना मोजा घालून बघितले. पहिल्या मापात टाच उचलत होती, पण नशिबाने त्याच गठ्ठ्यात तसलाच एक लहान जोड निघाला. तो घालून तिने फुटपाथच्या कडेला धाडकन लाथ मारली, शेजारची बटाटेवाली दचकून उठली. "काही लागलं नाही!" म्हणाली. दीड वर्षात पहिल्यांदा हसली. शंभर वेळा भिंतीला धरून अडकवणं-सोडवणंही झालं, आमच्या कुत्र्याने त्या खटखटीने दोन दिवस घर सोडलं होतं.

स्क्रूचं मी तिला सांगितलं. माझ्या नावाने.

आता मला एक सांग. तो स्क्रूंचा मजकूर मी तीनदा वाचला. बुटांच्या मापाबद्दल तू दुकानदारासारखं लिहिलंयस, आणि ते मात्र वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखं. हात दाबून लिहिलंयस, कागदाला मागून उठलंय. म्हणून काल मी ट्रंक उघडली.

ग्रोवेरचे बूट पोलिसांनी दिले तसेच ठेवले होते. धुतलेही नव्हते. उजव्याला दोन्ही स्क्रू आहेत. डाव्याला एकच. दुसऱ्याचं भोक चिखलाने बुजलेलं, मी सुईने कोरलं तेव्हा कळलं की इथे काहीतरी असायला हवं होतं. खाली दरीत उतरलेल्या माणसांपैकी एकाने तेव्हा मला सांगितलं होतं की डावा बूट सायकलपासून पान्याने सोडवावा लागला. मी तेव्हा काही समजले नव्हते.

तो स्क्रू ग्रोवेर पडताना निघाला का रे? मला बाकी काही नको. एवढंच सांग.

सातुर्निना


तुपिसा, १४ एप्रिल २००८

कोमाद्रे,

सत्तर मीटर खोल पडल्यावर सायकलची चौकटसुद्धा तीन जागी मोडली होती. एक स्क्रू काय घेऊन बसलात? ग्रोवेर तीन दिवस दरीत होता आणि तिन्ही दिवस पाऊस होता. चिखल भरणारच.

ट्रंक उघडू नका. त्याने तुम्हालाच त्रास. त्याला निवांत राहू दे. पंचनाम्यात लिहिलंय तसंच झालं, वळणावर वेग जास्त होता. पोरगं तरुण होतं. मी त्याला किती वेळा सांगितलं असेल.

इथे थंडी सुरू झाली. सोबत लामाच्या लोकरीचे मोजे पाठवतोय, मागालीसाठी दोन जोड, तुमच्यासाठी एक.

एलिओदोरो


एल आल्तो, २५ एप्रिल २००८

एलिओदोरो,

मोजे परत पाठवतेय.

वेग! त्या शब्दावर माझं घर मोडलंय, ठाऊक आहे तुला? इलारियोन दीड वर्ष तेवढंच घोकतोय. जेवताना, मिस्सेहून येताना, शेजाऱ्यांपुढे. "सव्वीस वर्षं मी त्या रस्त्यावर वीस टनांचा ट्रक नेला. हा दीडदमडीची सायकल सांभाळू शकला नाही. मस्ती. स्वतःच्या मस्तीने मेला." पोराच्या कबरीवर तो एकदाही आलेला नाही. मागाली समोर असली की मुद्दाम मोठ्याने बोलतो. ती का जाते त्या रस्त्यावर, मला आत्ता कळतंय. भाऊ खरंच तसा मूर्ख होता का, ते तिला बघायचंय.

आणि तू मला चिखल शिकवतोस? बावीस वर्षं मी लोकांच्या बुटांचे तळवे वाचतेय. कोण लंगडतो, कोण बायको झोपली की चवड्यावर चालत घरी येतो, सगळं तळव्यावर असतं. पावसाने भरलेला चिखल भुसभुशीत असतो. हा दगडासारखा दाबून बसलेला होता आणि वरून चकाकत होता, कारण पट्टी त्याच्यावर घासत होती. भोकाच्या आतले आटे गंजलेले. आणि पट्टीच्या बाजूला तळव्याच्या रबरावर चंद्रकोरीसारखा ओरखडा आहे, एक नव्हे, एकावर एक पाचपन्नास. पट्टी फिरत होती. एका पडण्यात पट्टी पन्नास वेळा फिरत नाही. तो स्क्रू जाऊन दिवस झाले होते.

मागालीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमच्याकडे सकाळी सायकली-बूट कोण तपासतं? म्हणाली, "मुख्य गाईड. तो तक्त्यावर खूण करतो, खाली सही करतो."

ग्रोवेरच्या कंपनीत मुख्य गाईड तू होतास.

मी न्यायाधीश नाही. मी त्याची आई आहे. सांग.

सातुर्निना


एल आल्तो, १ जून २००८

ड्रायव्हर म्हणतो, पत्र त्याने तुझ्या हातात दिलं आणि तू तिथेच रस्त्यावर उभा राहून वाचलंस. मग उत्तर कुठे आहे?


तुपिसा, ९ जून २००८

कोमाद्रे,

हे पाचव्यांदा लिहितोय. आधीचे चार कागद भट्टीत गेले.

तो स्क्रू मंगळवारी गेला. ग्रोवेर शुक्रवारी गेला. मधे तीन दिवस होते.

मंगळवारी संध्याकाळी गाड्या धुताना तो म्हणाला, "पाद्रिनो, डाव्याचा एक स्क्रू पडला. पाय सुटायला त्रास देतोय." सुट्या सामानाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. मी म्हटलं, उद्या देतो. बुधवारी विसरलो. गुरुवारी त्याने पुन्हा आठवण केली, मी म्हटलं, "अरे, दोन दिवस काढलेस ना? पाय उजवाच टेकवत जा." तो हसला. हसून "बरं" म्हणाला. तो माझं ऐकायचा, तुम्हाला माहीत आहे.

शुक्रवारी घाटमाथ्यावर गारा पडत होत्या. नऊ पाहुणे, सगळे कुडकुडत होते. निघायच्या आधीची रीत म्हणून जमिनीला दारू वाहून झाली, टायरवर शिंपडून झाली. मी तक्ता घेऊन उभा होतो. ग्रोवेरने बूट उलटा करून दाखवला. "पाद्रिनो, आज तरी." स्क्रूंचा डबा मागच्या गाडीत, सगळ्यांच्या बॅगांखाली होता. काढायला दहा मिनिटं लागली असती. मालक रेनातोचा फोन येऊन गेला होता की दुसऱ्या कंपनीची टोळी आपल्या पुढे जाता कामा नये, धबधब्यापाशी फोटोला गर्दी होते. मी म्हटलं, "खाली जेवताना बसवू." आणि त्याच्या नावापुढे खूण केली. पेन गोठलं होतं, उमटत नव्हतं, तर मी तोंडाची वाफ देऊन चालतं केलं आणि खूण केली. ती जागा रिकामी सोडली असती तरी चाललं असतं. कुणी विचारलं नसतं.

त्या रस्त्याने उतरणाऱ्याने दरीच्या बाजूने, म्हणजे डावीकडून जायचं असतं. धबधब्याच्या पुढच्या वळणावर पाहुण्यांतली एक बाई घाबरून मधेच थांबली. मी तिच्या पुढे होतो, ग्रोवेर मागे. त्याने ब्रेक दाबला आणि तिच्या बाहेरच्या बाजूला येऊन थांबला, म्हणजे ती कडेला सरकू नये म्हणून. तो थांबला होता, कोमाद्रे. वेग नव्हता. अजिबात नव्हता. माणूस दारात उभा राहतो तसा तो सायकलवर उभा होता. बाईला म्हणत होता, "हळू, हळू, मी आहे."

मग सायकल डावीकडे कलली. उजवा पाय टेकवण्यासारखी ती कललीच नाही. त्याने डावी टाच वळवली. एकदा. पुन्हा एकदा. मी सहा पावलांवर होतो आणि मला दिसत होतं, टाच वळतेय आणि पट्टी तिथेच फिरतेय. त्याने माझ्याकडे बघितलं. "पाद्रिनो" म्हणाला. ओरडला नाही, किल्ली मागताना म्हणायचा तसंच म्हणाला. मी सायकल टाकून धावलो. माझ्या हातात काही आलं नाही.

संध्याकाळी पोलीस यायच्या आधी मालक म्हणाला, "वेग होता म्हण. पोरगं गेलंच आहे, त्याला आता काय फरक पडतो? स्क्रूचं निघालं तर तू आत जाशील आणि वीस जणांच्या चुली विझतील." मी म्हणालो, वेग होता. लिहून दिलं. सही केली.

त्या बाईने मला जाताना मिठी मारली. तिच्या भाषेत म्हणाली, त्याने मला वाचवलं, तेवढं मला कळलं. तिला आमची भाषा येत नव्हती, पंचनाम्यात तिला कुणी काही विचारलं नाही.

इलारियोन असं बोलतात हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं माहीत. मला वाटलं होतं, मेलेल्याला नावाचं काय.

तुम्ही म्हणाल ते करीन.

एलिओदोरो


एल आल्तो, २० जून २००८

एलिओदोरो,

वाचलं. दुकान बंद करून वाचलं. मग उघडलं, कारण गुरुवार होता, बाजाराचा दिवस.

मी तुला काही म्हणणार नाही. म्हणण्यासारखं आहे, पण ते कागदावर मावणारं नाही.

तू ये. माझ्यासाठी नको येऊस. इलारियोनच्या समोर बसून सांग, मला लिहिलंस तसं, तारीखवार. मी त्याला पत्र वाचून दाखवणार नाही. बायकोने वाचलेलं तो मानणार नाही, आणि तू हे तोंडाने बोलायलाच हवंस. त्यानंतर पोलीस ठाण्यात जा आणि त्यांना म्हण, मी खोटं लिहून दिलं होतं, आता खरं लिहून घ्या.

ग्रोवेर आता तुझ्या हाताखाली नाही. त्याला "उद्या देतो" म्हणून गप्प बसवता येणार नाही.

आलास की सूप मिळेल. माझ्या घरून कुणी उपाशी जात नाही. ते खा आणि जा. मला हात लावू नकोस.

मागालीला मी सांगितलं. दोन दिवस कामावर गेली नाही, तिसऱ्या दिवशी गेली.

सातुर्निना


ला पास, २८ जुलै २००८

कोमाद्रे,

तुमच्या घरातून निघालो तेव्हा नीट निरोपही घेता आला नाही. इलारियोननी दार लावून घेतलं म्हणून नव्हे. मला पायऱ्याच दिसत नव्हत्या.

ते मला मारतील असं मनाशी धरून आलो होतो. खरं सांगायचं तर मारतील तर बरं, असं वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "किती वेगात होता?" मी म्हटलं, थांबला होता. त्यांनी पुन्हा विचारलं. पाच वेळा विचारलं, तुम्ही मोजलंत का? पाचव्यांदा मी म्हटलं, "कोम्पाद्रे, तो उभा होता." तेव्हा ते उठून आत गेले. शेंगदाण्याचं सूप मी संपवलं. तुम्ही समोर बसून होता म्हणून संपवलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. तिथला साहेब म्हणाला, "फाइल बंद झाली, गोदामात गेली. आता का आलास? कुणी पैसे दिले?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग घरी जा." चार दिवस जाऊन बसलो. चौथ्या दिवशी त्याने मला सरकारी वकिलाकडे पिटाळलं. तिथे एक बाई होती, तिने ऐकून घेतलं. टाइप करून घेतलं. शेवटी म्हणाली, "तुम्हाला कळतंय ना, तुम्ही स्वतःविरुद्ध लिहून देताय?" मी सही केली.

रेनातोने सांगितलंय की कामावरून काढलेला माणूस सूड घेतोय. तो तपासणीचा तक्ता कंपनीत सापडत नाही. जुन्या सोबत्यांपैकी दोघे रस्त्यात भेटले, एक थुंकला. दुसऱ्याचा पगार रेनातोच देतो, त्याने मान खाली घातली.

मला शहर सोडून जायला मनाई आहे. इथे विल्या फातिमात एका खोलीत आहे. बूट मागितलाय त्यांनी, पुरावा म्हणून. तुम्हाला द्यायचा नसेल तर नका देऊ. मी म्हणालोय की तो तुमचा आहे.

एलिओदोरो


एल आल्तो, ७ सप्टेंबर २००८

एलिओदोरो,

बूट मी स्वतः नेऊन दिला. त्या वकीलबाईने पावती दिली. मी म्हटलं, "नंबर चुकीचा लिहिलाय, हा बेचाळीस आहे." तिने खोडून दुरुस्त केला.

तुला वाटत असेल की तू बोललास आणि आमच्या घरात उजेड पडला. तसं झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

इलारियोन तू गेल्यावर तीन दिवस खोलीबाहेर आला नाही. चौथ्या दिवशी अंघोळ केली, कोट घातला आणि म्हणाला, "चल." कबरस्तानात नेलं. मी मागे उभी राहिले. तो दगडाशी बराच वेळ वाकून होता. काय बोलला ते ऐकू आलं नाही, फक्त एकदा "उभा होतास" असं ऐकू आलं. घरी येताना बसमध्ये म्हणाला, "मी त्याला किती वेळा मूर्ख म्हटलं असेन?" मी म्हटलं, मोजायला बसू नकोस. तेव्हापासून तो बोलत नाही. आधी मस्ती, मस्ती म्हणून बोलायचा तरी. आता मीठ हवं असलं तर बोट दाखवतो. डॉक्टर म्हणतात शरीराला काही झालेलं नाही. पोरगा तू माझा नेलास, आणि आता हा. आधीच्या खोट्याने त्याला राग तरी दिला होता. खऱ्याने तोही काढून घेतला. पण म्हणून मी खोटं मागत नाही. मला चुकीचं समजू नकोस.

मागालीची नोकरी गेली. हिचे आईबाप एका कंपनीला कोर्टात खेचतायत, हे सगळ्या मालकांना कळलं. तिच्या मालकाने तोंडावर सांगितलं नाही, वेळापत्रकात तिचं नाव घालायचंच बंद केलं. दुसऱ्या तीन ठिकाणी गेली, तिथेही "बघू". आता गुरुवारी आणि रविवारी माझ्यासोबत बाजारात बसते. माझ्यापेक्षा जास्त विकते आणि मला त्याचा राग येतो. कामाच्या शेवटच्या दिवशी ती त्या वळणावर थांबली होती, एकटी. मला म्हणाली, "आई, तिथे थांबायला जागाच नाहीये. जो तिथे थांबेल, तो दुसऱ्यासाठीच थांबेल." एवढंच म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

चौदा ऑक्टोबरची तारीख लागली आहे. सकाळी नऊ. रेनातोने दोन वकील केलेत. तुझ्या बाजूने कुणी उभं राहणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पळून गेलास तर फाइल पुन्हा गोदामात जाईल, आणि त्यात ग्रोवेर वेगात होता असंच राहील. म्हणून ये. अंगावर स्वच्छ शर्ट असू दे. जे मला लिहिलंस तेवढंच सांग, रडू नकोस, तिथे कुणी तुझे अश्रू लिहून घेत नाही.

मी येणार आहे. इलारियोनला घेऊन येईन. कोर्टात दोन्हीकडे बाकं असतात म्हणे, एक आरोपीच्या माणसांसाठी, एक दुसऱ्या बाजूसाठी. मी कुठल्या बाकावर बसेन, ते मलाही अजून माहीत नाही. तू वळून बघू नकोस.

सातुर्निना